घरच्या ओल्या कचऱ्यावर गॅस पेटवायचा असेल तर : टाकी बसवण्यापासून रोजच्या घासापर्यंत

आमच्याकडे नाशिकला परसात ओल्या कचऱ्याची गॅस टाकी बसवून आता चार वर्षं होतील. एवढ्या दिवसांत शेजारपाजारचे, नातेवाईक, मुलीच्या शाळेतल्या आया असे बरेच जण येऊन बघून गेले, त्यातल्या सहा जणांनी बसवली आणि त्यातल्या तिघांची आज बंद पडून आहे. तिघांच्याही टाकीत काही खोट नव्हती, चांगलं सामान, चांगला फॅब्रिकेटर, पैसेही आमच्यापेक्षा जास्त घातलेले. बिघडलं ते खायला घालण्यात. ही टाकी म्हणजे एक पोट आहे, गाईच्या पोटातलेच जंतू तिच्यात राहतात, आणि त्यांना काय, किती, कधी घालायचं हे कुणी सांगितलंच नाही तर आठ दिवसांत सगळं आंबतं आणि माणूस वैतागून नाद सोडतो. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. यातलं टाकी जोडणं तुम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ शकता, पण चौथी, पाचवी, सहावी आणि सातवी पायरी स्वतः नीट वाचा.

१. आधी हिशोब, मग खरेदी

माणसं विचारतात "सिलिंडर बंद होईल का?" तर नाही होणार. एक घनमीटर बायोगॅस (टाकीत तयार होणारा गॅस) म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. आपला सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे तेवढ्याला ३२ घनमीटरच्या आसपास बायोगॅस लागेल. आमचं पाच माणसांचं घर, शिळं-पाकं, भाजीची देठं, सालं, फळांचं मिळून रोज दोन-अडीच किलो निघतं, त्यातून पाव घनमीटर किंवा थोडा जास्त गॅस मिळतो आणि छोटी शेगडी ३५-४० मिनिटं चालते. सकाळचा चहा, दूध, आणि एक कुकर, एवढं त्याच्यावर होतं. पूर्वी आमचा सिलिंडर ३८ दिवस जायचा, आता ५५ दिवस जातो. हे तुम्हाला पुरेसं वाटत असेल तरच पुढे जा. दोघांच्या घरात, जिथे रोज अर्धा किलो पण ओला कचरा निघत नाही, तिथे एकट्याने टाकी बसवू नका, शेजारच्या दोन-तीन घरांना जोडून घ्या.

आठ दिवस नुसता वजनकाटा घेऊन बसा. रोजचा ओला कचरा वेगळ्या डब्यात टाकायचा, रात्री वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. या आठ दिवसांत दुसरी गोष्ट पण होते, घरातल्या सगळ्यांना ओल्या डब्यात प्लॅस्टिक न टाकायची सवय लागते, आणि ती लागली नाही तर टाकी आणूच नका, कारण एक दुधाची पिशवी इनलेटच्या, म्हणजे कचरा आत घालायच्या पाइपात अडकली की अर्धा दिवस जातो.

२. जागा

ऊन हवं. दिवसातून किमान चार-पाच तास थेट ऊन पडेल अशी जागा बघा, कारण हे जंतू ३० ते ३७ अंशाला खूश असतात आणि वीसच्या खाली गेलं की आळसावतात. टाकी काळीच घ्या, ती ऊन धरून ठेवते. स्वयंपाकघरापासून अंतर दहा-पंधरा मीटरच्या आत ठेवा कारण या गॅसला दाब फार कमी असतो, लांब नळीत तो दमतो. विहीर किंवा बोअरला लागून नको.

गच्चीवर बसवणाऱ्यांनी हे नक्की वाचा. हजार लिटरची टाकी भरली की एक टनाच्या वर वजन होतं, वर्षानुवर्षं तेवढं तिथेच राहणार आहे. स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही, खाली बीम-कॉलम कुठे आहे ते बघून त्याच्यावर, आणि बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याच्याकडून लेखी घेऊन मगच. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव किंवा ना-हरकत पत्र आधी घ्या, टाकी वर चढवल्यावर भांडण नको.

३. सामान आणि जोडणी

आपल्याकडे जुनी पद्धत म्हणजे गोबर गॅस, खादी ग्रामोद्योगवाल्यांचा तो विहिरीसारखा खड्डा आणि त्यावर तरंगता लोखंडी ड्रम, गावाकडे अनेकांनी बघितला असेल. शहरात तो शक्य नाही. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्व्यांच्या संस्थेने, प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या एकात एक बसवून शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस तयार केला, त्याला २००६ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आमची टाकी त्याच पद्धतीची आहे. त्यामागचा विचार मला फार पटला : शेण म्हणजे गाईने एकदा पचवून बाहेर टाकलेलं, त्यात सत्त्व कमीच उरलेलं असतं, पण भात, पोळी, पीठ, पिकलेलं केळं यात साखर आणि पिष्ट भरपूर, म्हणून थोड्या मालात जास्त गॅस.

लागणारं सामान असं :

- खालची टाकी १००० लिटर, वरचा ड्रम ७५० लिटर, दोन्ही काळ्या, आणि घेतानाच दुकानात एकात एक घालून बघा, सगळीकडून बोट-दोन बोटं मोकळी जागा राहिली पाहिजे, अडकली तर ड्रम वरखाली होणार नाही आणि फट फार मोठी राहिली तर तिथून गॅस वाया जातो
- तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टँक निपल, एक इनलेटसाठी एक आउटलेटसाठी
- ड्रमच्या डोक्यावर बसवायला छोटा टँक निपल आणि बॉल व्हॉल्व्ह
- लवचिक गॅसची नळी आणि घट्ट क्लिप (ड्रम हलतो म्हणून ड्रमपाशी कडक पाइप चालत नाही)
- बायोगॅसचीच शेगडी
- पाणी काढायला टी आणि कॉक
- टेफ्लॉन टेप, एम-सील, हॅक्सॉ किंवा कटर
- वजनासाठी विटा किंवा पाण्याच्या पाच-पाच लिटरच्या कॅन

दोन्ही टाक्यांची वरची तोंडं कापायची. मोठी सरळ ठेवायची, छोटी उलटी करून तिच्यात सोडायची, म्हणजे छोटीचं बूड आकाशाकडे. हाच वरचा ड्रम, गॅस त्याच्यात साठतो तसा तो वर उचलला जातो. इनलेटचा पाइप मोठ्या टाकीच्या अंगातून आत जाऊन तळाजवळ उघडला पाहिजे, ताजा माल खाली गेला पाहिजे. आउटलेट वरच्या बाजूला, जेवढं घालाल तेवढी स्लरी, म्हणजे आतला पचलेला पातळ काला, आपोआप बाहेर येते. प्लंबर हुशार असेल तर एका दिवसाचं काम आहे.

आमच्याकडे पहिल्या प्लंबरने ड्रमच्या डोक्यावरचा निपल नुसत्या पाइपाच्या सोल्युशनने चिकटवला होता. सोल्युशन पीव्हीसीला धरतं, टाकीच्या प्लॅस्टिकला धरत नाही. तिसऱ्या दिवशी सुटला. तिथे रबर वॉशर आणि नट असलेला टँक निपलच हवा, दोन्ही बाजूंनी आवळलेला, प्लंबर काहीही म्हणाला तरी.

अनुदानाचं थोडक्यात. केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात एक ते २५ घनमीटरच्या, मान्यता असलेल्या मॉडेललाच मदत मिळते, त्यामुळे घरी टाक्या कापून केलेल्या युनिटला ती मिळेल असं धरून चालू नका. गावाकडे बसवत असाल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी चौकशी करा, टाकी विकत घेण्याच्या आधी. सोबत आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, जागेचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि फोटो ठेवा. शहरात महापालिकेच्या घरपट्टी विभागात विचारा, काही महापालिका ओला कचरा घरीच जिरवणाऱ्यांना सूट देतात, त्यासाठी टाकीचा फोटो आणि बिलं जपून ठेवा.

४. विरजण लावणं

दह्याला विरजण लागतं तसं हे. सगळ्यात चांगलं विरजण म्हणजे कुणाच्यातरी चालू गोबर गॅसची स्लरी, पन्नास लिटर मिळाली तरी दिवस वाचतात. नाही मिळाली तर शेण. आम्ही गोठ्यातून आठ घमेली ताजं शेण आणलं, शंभरेक किलो भरलं असेल. गवळीकाकांनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली ती फार कामाची होती : "ताई, त्या कोपऱ्यातल्या गाईचं नका घेऊ, तिला इंजेक्शनं चालू आहेत." औषध चालू असलेल्या जनावराचं शेण टाकीत गेलं तर आपण जे जंतू वाढवायला बघतोय तेच मरतात.

शेणात तेवढंच पाणी घालून हाताने कालवायचं, काड्या, गवत, खडे काढून टाकायचे. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अंगण सारवायच्या सवयीने तो शेणकाला दहा मिनिटांत असा एकजीव केला की मला काठीने तासभर लागला असता. मग इनलेटमधून ओतायचं आणि उरलेली टाकी पाण्याने भरायची. नळाचं पाणी थेट घेऊ नका, त्यात क्लोरीन असतं, रात्रभर बादल्या-पिंपात उघडं ठेवा आणि सकाळी वापरा. बोअरचं असेल तर प्रश्न नाही.

ड्रम सोडताना वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा म्हणजे आतली हवा निघून तो खाली बसेल. बसला की व्हॉल्व्ह बंद. आता पंधरा दिवस काहीही घालायचं नाही. सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, कारण घरात सगळ्यांना उत्साह असतो, मुलं केळ्याचं साल घेऊन उभी असतात. नाही म्हणायचं.

सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. नाशिकच्या डिसेंबरात विरजण लावलं तर दीड महिना ड्रम हलत नाही आणि तुम्हाला वाटतं की काहीतरी चुकलं.

५. पहिला गॅस सोडून द्यायचा

आठ-दहा दिवसांनी सकाळी उठून बघाल तर ड्रम वीतभर वर आलेला असेल. तो गॅस पेटवायचा नाही. त्यात बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो आणि थोडी हवा राहिलेली असते, मिथेन (यातला पेटणारा वायू) आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळले, म्हणजे हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला, तर तो स्फोटक असतो. आसपास विडी-काडी, देवाचा दिवा, चूल काही नाही ना बघून व्हॉल्व्ह उघडा आणि सगळा सोडून द्या, ड्रम परत तळाला. दुसऱ्यांदा भरला की तोही सोडा. तिसऱ्यांदा शेगडीवर लावून बघा, टाकीपाशी कधीच नाही.

आमची शेगडी एकविसाव्या दिवशी पेटली. दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, काडी लावली आणि काहीच दिसेना, मी कॉक बंद करणार तेवढ्यात आई म्हणाल्या "अगं थांब, ऐक." बारीक फुर्रर आवाज येत होता. हात धरला तर झळ लागली. या गॅसची ज्योत निळी आणि इतकी फिकी असते की उजेडात दिसत नाही, म्हणून खिडकीवर सावली करून बघा आणि पेटली नाही असं समजून परत काडी ओढू नका. दोन कप चहाला अकरा मिनिटं लागली. आईंनी त्या दिवशी शेगडीला हळदकुंकू वाहिलं.

ज्योत पिवळी, उड्या मारणारी किंवा लगेच विझणारी असेल तर आणखी तीन-चार दिवस थांबा.

६. रोजचा घास

पहिल्या दिवशी २०० ग्रॅम. एवढंच. शिळा भात किंवा पीठ पाण्यात कालवून. दर तीन-चार दिवसांनी पाव किलो वाढवत जायचं, दोन-अडीच किलोवर यायला महिनाभर लागला पाहिजे. हे मी ठळक लिहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण बंद पडलेल्या तिन्ही टाक्यांत पहिल्याच आठवड्यात बादली भरून कचरा गेला होता.

काय चांगलं चालतं : शिळा भात, पोळी-भाकरीचे तुकडे, आंबलेलं पीठ, वरण-आमटी, भाताची पेज, बटाट्याची सालं, पिकून काळी पडलेली केळी, आंब्याचा रस काढलेली सालं, पपई, कलिंगडाचा पांढरा भाग, भाज्यांची कोवळी देठं, उसळीचा उरलेला रस्सा. गिरणीत जमिनीवर सांडलेलं झाडून काढलेलं पीठ मिळालं तर सोनं समजा, आमचे गिरणीवाले काका आठवड्याला किलो-दीड किलो बाजूला ठेवतात. पाव किलो पीठ पाण्यात कालवून घातलं की दुसऱ्या दिवशी ड्रम नेहमीपेक्षा चांगला वीतभर जास्त उचलतो.

काय नको : लिंबाची, संत्र्या-मोसंबीची सालं (त्यांच्या तेलाने जंतू मरतात), कांद्या-लसणाची टरफलं (पचत नाहीत, वर तरंगून जाड साय धरतात, आणि आमच्या भागात कांद्याचा काय तोटा!), अंड्याची टरफलं, हाडं, नारळाची शेंडी-करवंटी, कणसाची बुरकुंडं, आंब्याच्या कोया, चहाचा चोथा जास्त, निर्माल्य, दोरा, राख, माती. हे सगळं कंपोस्टच्या माठात जातं, तो शेजारीच ठेवा. तळणीचं तेल एकदम ओतू नका. आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी, फिनेल, ब्लीच याचा थेंबही नको. सिंकमधून खरकटं गोळा करत असाल तर भांड्यांना साबण लावायच्या आधी ताटं निपटून घ्या, आमच्या मावशींना मी पहिल्याच दिवशी हे दाखवून ठेवलं होतं.

बारीक जेवढं तेवढं लवकर पचतं. एक जुना मिक्सर या कामाला ठेवला आहे, देठं-सालं एकदा फिरवून घ्यायची. वजनाइतकंच पाणी किंवा आउटलेटची जुनी स्लरीच परत वापरायची, स्लरीत जंतू असतात त्यामुळे ते जास्त बरं आणि पाणीही वाचतं. वेळ शक्यतो रोज एकच, आम्ही सकाळी साडेनऊला, ऊन तापायला लागतं तेव्हा. घालून झालं की ड्रमला दोन्ही हातांनी धरून अर्धा वेढा उजवीकडे, अर्धा डावीकडे फिरवायचा, वर धरलेली साय मोडते. हे काम मुलाचं आहे, शाळेत जायच्या आधी.

एक युक्ती. ड्रमवर पांढऱ्या ऑइलपेंटने दर दहा सेंटीमीटरला रेघ मारा. आमच्या ड्रमचा व्यास ९५ सेंटीमीटर आहे, त्यामुळे एक रेघ म्हणजे ७० लिटर गॅस, म्हणजे छोट्या शेगडीची नऊ-दहा मिनिटं. खिडकीतून बघितलं की कळतं, आज चार रेघा आहेत, भाताचा कुकर होईल, डाळ सिलिंडरवर.

७. पोट बिघडलं तर

आमचं एकदा बिघडलं, दुसऱ्याच वर्षी, गौरीजेवणाला. चाळीस पानं उठली, पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात, खीर उरली आणि मी फेकवत नाही म्हणून आठेक किलो एका दुपारी टाकीत घातलं. दुसऱ्या दिवशी ड्रम काठोकाठ वर आणि ज्योत काही केल्या टिकेना. तिसऱ्या दिवशी परसात आंबट वास, दही फार दिवस बाहेर राहिल्यावर येतो तसा पण उग्र. आईंनी वास घेतला आणि म्हणाल्या "अजीर्ण झालंय तिला, लंघन दे." खरोखर उपाय तोच आहे.

आत काय होतं ते समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. दोन प्रकारचे जंतू आहेत, पहिले अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले चपळ, दुसरे संथ. एकदम खूप गोड-पिठूळ घातलं की पहिले भराभर आम्ल करून ठेवतात, दुसऱ्यांना ते उरकत नाही, आम्ल साचतं आणि त्या आम्लातच दुसरे मरायला लागतात. गॅस भरपूर दिसतो पण तो कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून पेटत नाही.

मग करायचं काय :

खाणं पूर्ण बंद. पीएच पट्ट्या (आंबटपणा आकड्यात दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या) केमिकलच्या दुकानात मिळतात, आउटलेटच्या स्लरीत बुडवून बघा. ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर ठीक आहे, साडेसहाच्या खाली असेल तर बिघडलंय. बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा विरघळवून इनलेटमधून सोडा, दुसऱ्या दिवशी परत बघा, गरज वाटली तर परत, एकदम किलोभर ओतू नका. दोन घमेली ताजं शेण कालवून घाला म्हणजे नवे जंतू जातील. साचलेला गॅस बाहेर सोडून द्या. आमची टाकी बाराव्या दिवशी परत नीट पेटायला लागली, त्यानंतर परत २०० ग्रॅमपासून सुरुवात. टाकी उपसून रिकामी करायची घाई कुणीही करू नका, बंद पडलेल्या तिघांपैकी दोघांनी तीच केली आणि परत विरजण लावायचा धीर राहिला नाही.

सणाच्या उरलेल्या अन्नाचं आता आम्ही आधीच ठरवतो, जे खाण्यासारखं आहे ते त्याच संध्याकाळी वाटून टाकतो, खरकटं फ्रीजरमध्ये डब्यात ठेवून पुढचे आठ दिवस थोडं थोडं.

८. शेगडी, नळी आणि सांभाळायच्या गोष्टी

सिलिंडरच्या शेगडीवर हा गॅस चालत नाही. तिच्या जेटचं, म्हणजे गॅस जिथून बर्नरमध्ये येतो त्या तोंडाचं, भोक बारीक असतं, बायोगॅसचा दाब आणि उष्णता दोन्ही कमी, म्हणून मोठ्या जेटची वेगळी शेगडीच लागते. घरच्या शेगडीचं भोक ड्रिलने मोठं करून देणारे भेटतात, करून घेऊ नका, नंतर कुणीतरी चुकून तीच सिलिंडरला जोडतं. दोन्ही शेगड्या, दोन्ही नळ्या वेगळ्या ठेवा, बायोगॅसच्या नळीला आम्ही हिरवी टेप गुंडाळली आहे.

स्वयंपाक करताना ड्रमवर वजन ठेवायचं, आमच्याकडे पाच लिटरच्या चार कॅन म्हणजे २० किलो, समान अंतरावर, नाहीतर ड्रम तिरका होऊन एका बाजूने गॅस सुटतो. काम झालं की कॅन खाली.

नळीत पाणी साचतं कारण हा गॅस ओला असतो. नळीला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी टी-कॉक लावून दर चार दिवसांनी पाणी काढा. ज्योत धपधप करायला लागली तर नव्वद टक्के वेळा हेच कारण. भांडी काळी किंवा कॉक हिरवा पडत असेल तर हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) जास्त आहे, त्याला नळीच्या मध्ये एक बाटलीएवढा पीव्हीसीचा तुकडा लावून त्यात गंजलेला लोखंडी चुरा भरायचा, लेथच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळतो, आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात तर काही कमी नाही. दोन-तीन महिन्यांनी काळा पडला की बदलायचा, बदलताना बाहेर अंगणात, कारण उघड्यावर तो तापतो.

गळती बघायची ती साबणाच्या फेसाने, काडी लावून कधीच नाही. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, हा हवेपेक्षा थोडा हलका आहे, म्हणून खिडकीचं वरचं झडप कायम उघडं. सडक्या अंड्याचा वास आला की कॉक बंद, लाइटचं बटणही दाबू नका, दारं उघडा. हा गॅस सिलिंडरमध्ये किंवा ट्यूबमध्ये भरून ठेवायचा प्रयत्न करू नका.

आणि टाकी कधी साफ करायची वेळ आली तर बाहेरून, बादलीने आणि पंपाने. आत डोकं घालायचं नाही, माणूस उतरवायचा तर नाहीच, रिकाम्या टाकीत सुद्धा नाही. आतला वायू दोन श्वासांत माणसाला पाडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. गोबर गॅसच्या खड्ड्यात अशीच माणसं गेली आहेत.

९. थंडी आणि पाऊस

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं रात्रीचं तापमान दहाच्या खाली येतं, तेव्हा गॅस निम्म्यावर येतो. घास पण निम्मा करा. कालवायला कोमट पाणी घ्या, टाकीला बाहेरून गोणपाट आणि त्यावर काळं प्लॅस्टिक गुंडाळा, तळाशी थर्माकोल घातला असेल तर आणखी बरं. पावसाळ्यात दोन टाक्यांच्या फटीत पावसाचं पाणी जाऊन स्लरी पातळ होते आणि त्याच फटीत डास अंडी घालतात, त्यासाठी जुन्या मच्छरदाणीची झालर शिवून कडेने बांधली आहे, ड्रम वर गेला की ती पण वर जाते.

१०. बाहेर आलेली स्लरी

तिला वास जवळपास नसतो, वास येत असेल तर आत नीट पचत नाहीये. आधी कालवायला वापरा, उरली तर पाच पट पाणी घालून झाडांना. कुंडीत नुसती घट्ट ओतू नका. आमच्या कढीपत्त्याला आणि लिंबाला याच्याशिवाय गेली तीन वर्षं दुसरं खत नाही.

११. सुक्या कचऱ्यातलं इंधन : बंबात जाळू नका

टाकी बघायला आलेली माणसं हमखास विचारतात की प्लॅस्टिक पण जळतं, मग ते बंबात घातलं तर अंघोळीचं पाणी तापेलच की. अनेक घरांत आजही दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं बंबात जातात. कृपा करून बंद करा. बंबातली आच कमी, धूर आपल्याच मोरीत, त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि राख आपण झाडाला घालतो.

त्या चमकदार, अनेक थरांच्या पाकिटांचा पुनर्वापर होत नाही हे खरं आहे, पण त्यांचं इंधन होऊ शकतं, त्याला आरडीएफ म्हणतात, कचऱ्यातून वेगळं काढून, तुकडे करून, सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळतात. तिथे भट्टीतला माल १४०० अंशांच्या वर तापलेला असतो, बंबाची त्याच्याशी तुलनाच नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं की ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्यात किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता आहे असा कचरा डेपोत पुरायचा नाही, इंधन म्हणून द्यायचा. आपण घरी करायचं एवढंच की तो कोरडा ठेवायचा. ओलं पाकीट म्हणजे भट्टीत पाणी जाळणं. पाकीट कापून, एका पाण्यात खळबळून, दोरीवर वाळवून वेगळ्या पिशवीत, आणि घंटागाडीवाल्या दादांना सुका म्हणून वेगळं हातात. ओलं त्यात मिसळलं की सगळी पिशवी बाद.

१२. गावाला जाताना

आठ-दहा दिवस घर बंद असेल तर काही करायची गरज नाही, टाकी उपाशी राहू शकते. निघायच्या आदल्या दिवशी ड्रममधला गॅस वापरून संपवा, शेगडीचा आणि ड्रमचा दोन्ही कॉक बंद करा. महिनाभर जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा की ड्रम पार वर आलेला दिसला तर व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडा, तेव्हा जवळपास कुणी विडी ओढत नसावं. परत आल्यावर लगेच अडीच किलो नाही, पहिले दोन दिवस पाव किलो, मग अर्धा, मग एक. आम्ही मे महिन्यात तीन आठवडे कोकणात होतो, आल्यावर असंच केलं, सहाव्या दिवशी चार रेघा होत्या.